नोटीस फ्रिजवर ठेवू नकोस

आधी एक सांग, ते पाकीट उघडलंस का? स्पीड पोस्टानं आलेलं, कोपऱ्यात बँकेचा शिक्का असलेलं, पोस्टमननं सही घेऊन तुझ्या हातात दिलेलं? बहुतेक घरांत ते फ्रिजवर जातं. लाइटबिल, गॅसचं पुस्तक, लग्नपत्रिका यांच्याखाली सरकतं आणि ‘हे आल्यावर बघतील’ म्हणून तिथंच राहतं. ‘हे’ येतात, बघतात आणि उघडत नाहीत, कारण आत काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. माझी सगळी नोकरी बँकेच्या वसुली खात्यात झाली, त्यामुळे अशी पाकिटं पाठवणाऱ्यांत मीही होते. आमच्या फायलीला पोचपावती लावलेली असायची आणि तिच्यावर बहुतेक वेळा सही घरातल्या बाईची. पुढं दाराला बँकेचं कुलूप लागायची वेळ आली की तीच बाई सांगायची, “मला कुणी काही बोललंच नाही.” आणि ते खरं असायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

तेव्हा हे बघ, कर्ज ‘त्यांचं’ आहे असं आता म्हणू नकोस. घर घेताना तुझ्या पगाराच्या स्लिपा जोडल्या होत्या, नाहीतर बाईचं नाव असलं की व्याजात पाच पैशांची सूट मिळते म्हणून तुला बोलावलं होतं. पानापानावर खाली सह्या करत गेलीस ना? तू सहकर्जदार आहेस. बँकेच्या लेखी तू आणि नवरा, दोघंही सगळ्या रकमेला बांधील. निम्मं तुझं, निम्मं त्यांचं असा हिशेब तिथं नसतो. हप्ता थकला की तुझाही सिबिल स्कोअर घसरतो. म्हणजे उद्या तुला मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं असलं, तरी हेच पुढं येणार. मात्र याच सहीनं तुला हक्कही दिलाय. शाखेत जाऊन कर्जाचा उतारा मागायला तुला नवऱ्याची चिठ्ठी लागत नाही. उद्या सकाळी जा आणि माग. फोनवर बोलू नकोस, ॲपवर बघून समाधान मानू नकोस. पहिल्या दिवसापासूनचा उतारा, छापील.

तो हातात आला की एक तारीख शोध. हप्ता पहिल्यांदा चुकला आणि नंतर पूर्ण भरला गेला नाही, ती तारीख. तिथून दिवस मोजायचे. पहिल्या तीस दिवसांत बँकेचा नुसता मेसेज येतो, कॉल सेंटरची पोरगी गोड बोलते. एकतीस ते साठमध्ये शाखेतून फोन येतो. एकसष्ट ते नव्वदमध्ये माणूस घरी येतो. आणि नव्वद दिवस उलटले की खातं ‘एनपीए’ होतं, म्हणजे अनुत्पादित. हा शब्द पेपरात मोठमोठ्या उद्योगपतींच्या नावापुढं वाचलेला असतो, म्हणून आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला तो लागेल असं वाटत नाही. पण नियम दोघांना एकच.

हे नव्वद दिवस फार मोलाचे. का ते सांगते. त्याच्या आत बँकेला तू ‘अडचणीत आलेली ग्राहक’ असतेस. त्यानंतर तू ‘थकबाकीदार’. माणूस तोच, फाइल तीच, पण टेबल बदलतं. शाखाधिकाऱ्याच्या हातातून ती वसुली खात्याकडं जाते, आणि आमच्याकडं आलेल्या फायलीला सवलत द्यायची म्हणजे वरून दहा सह्या. शिवाय एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. खातं एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते परत सुरळीत होत नाही. थकलेली सगळी रक्कम, व्याजासकट, भरावी लागते. रिझर्व्ह बँकेनं हे 2021 मध्ये अगदी स्पष्ट करून टाकलंय. तीन-चार हप्ते थकलेले असताना कुठून तरी उसने आणून एक हप्ता भरतात आणि ‘चला, या महिन्याचं भागलं’ म्हणून निश्चिंत होतात, त्यांचं भागलेलं नसतं.

आता तू नव्वद दिवसांच्या आत आहेस असं धरून चालू. शाखेत जाताना काय न्यायचं? नोकरी गेली असेल तर ते पत्र, आजारपण असेल तर हॉस्पिटलचं बिल, धंदा बसला असेल तर जीएसटीचे किंवा बँकेचे कागद. आणि एका कोऱ्या कागदावर घरचा जमाखर्च, खरा. त्यात महिना किती भरता येईल तो आकडा लिहायचा. ‘बघतो, जमवतो’ हे शब्द मी नोकरीत इतके ऐकले की कानावरून जायचे. ‘पुढचे आठ महिने तेरा हजार भरीन, नंतर पूर्ण’ असं कुणी सांगितलं की मात्र आम्ही पेन उचलायचो. बँकेला तुझं घर नको असतं गं. घर म्हणजे तिच्या गळ्यात पडलेलं काम: वकील, जाहिरात, पहारेकरी, लिलाव. तिला हप्ता हवा असतो.

मागायचं काय, तर पहिली गोष्ट मुदतवाढ. समज, वीस लाख बाकी आहेत, बारा वर्षं उरलीत, व्याज नऊ टक्के. हप्ता येतो बावीस हजार सातशेच्या पुढं. तेच वीस वर्षांवर नेलं तर अठरा हजारांच्या आसपास. महिन्याला पावणेपाच हजार सुटतात. फुकट मिळत नाहीत अर्थात. सगळं मिळून व्याज दहा लाखांहून जास्त जातं. पण घर हातात राहिलं, तर पुढं चार पैसे आले की मुद्दल आधी फेडता येतं, आणि वैयक्तिक गृहकर्जाचं व्याज बदलतं असलं तर मुदतीआधी फेडल्याचा दंडही लावता येत नाही. फक्त निवृत्तीचं वय आडवं येतं. नवरा पंचावन्नचा असेल तर वीस वर्षं कुणी देणार नाही. मग मुलगा कमावता असेल तर त्याला सहकर्जदार करून घेतात का, ते विचार. विचार म्हटलं, लगेच सही करून टाक असं नाही. पोराच्या नावावर कर्ज चढवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याच्या बायकोलाही त्यात बोलायचा हक्क आहे.

दुसरं म्हणजे व्याजाचा दर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चारवरून साडेसहावर गेला. तीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज सात टक्क्यांनी तेवीस हजार अडीचशेला पडायचं, तेच साडेनऊनं अठ्ठावीस हजारांना टेकलं. पुष्कळ घरं तिथंच खचली. कुणी उधळपट्टी केली म्हणून नव्हे. आणि गंमत अशी की दर उतरतात तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला लगेच कमी दर मिळतो, जुना मात्र जुन्याच दरात रखडतो. तुझं कर्ज जुन्या पद्धतीचं, म्हणजे रेपो दराशी न जोडलेलं असेल, किंवा एखाद्या गृहवित्त कंपनीचं असेल, तर नव्या ग्राहकाला आज काय दर आहे ते विचार आणि तोच लावून माग. थोडी फी घेतात, पण दर निम्म्या टक्क्यानं उतरला तरी ती फी वसूल होते. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडायची मुभा ग्राहकाला द्या, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलंय. त्याच महिन्यात दुसरंही एक सांगितलं: उशिराबद्दल दंडव्याज लावायचं नाही. वाजवी दंड आकारा, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवू नका. 2024 पासून हे लागू आहे. म्हणून तो उतारा बारकाईनं बघ म्हणते. दंडाची ओळ दिसली की पेन्सिलीनं गोल कर आणि साहेबांना विचार, “हे कशाचं?” विचारणाऱ्या बाईशी बँकेतली माणसं जरा जपून बोलतात, अनुभवानं सांगते.

आता घरातलं बोलू. पैसे कमी आणि मागणारे जास्त, तेव्हा आधी कुणाला द्यायचं? जो जास्त ओरडतो त्याला दिले जातात. क्रेडिट कार्डवाले दिवसाला दहा फोन करतात, पर्सनल लोनवाले ऑफिसात फोन करतात, म्हणून आधी त्यांची तोंडं बंद केली जातात. गृहकर्ज बिचारं गप्प असतं, महिन्याला एक मेसेज. पण घर तारण आहे ते त्या गप्प बसलेल्याकडं. कार्डवाल्याला तुझ्या घराला थेट हात लावता येत नाही. त्याला आधी कोर्टात जावं लागेल. गृहकर्ज देणाऱ्याला तसा दावासुद्धा लावावा लागत नाही. तेव्हा राहता निवारा आधी, ओरडणारे नंतर. कार्डवाल्यांना लेखी कळव की अडचण आहे, मुदत द्या. त्यांचं व्याज चढेल, स्कोअर पडेल, ते आहेच.

आणि दागिने. इथं माझं मत माझ्या आईच्या मताच्या उलट आहे. आपल्याकडं संकट आलं की बाईनं मंगळसूत्र काढून ठेवायचं, मग तिची थोरवी गायची. मी म्हणेन, आधी विचार: पगार परत सुरू कधी होणार? दोन-तीन महिन्यांत नवी नोकरी लागणार हे पक्कं असेल, तर सोनं गहाण ठेवून हप्ते भर, खुशाल भर. पण पुढचं काहीच दिसत नसेल, तर चार पाटल्या जाऊन सहा हप्ते निघतील आणि सातव्या महिन्याला घरही जाईल, सोनंही. ते स्त्रीधन आहे, तुझं आहे. घर गेल्यावर भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट त्यातूनच द्यायचं असतं. पीएफमधून गृहकर्जासाठी पैसे काढता येतात, ते आधी बघ. विमा पॉलिसीवर कर्ज मिळतं, तेही स्वस्त पडतं.

विम्यावरून आठवलं. कर्ज देताना बँकेनं एक पॉलिसी गळ्यात मारलेली असते, हप्त्यातच तिचे पैसे कापलेले असतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो. ती शोध. काहींत नोकरी गेल्यावर थोडे हप्ते भरायची सोय असते, काहींत गंभीर आजारपणाची. आणि देव न करो, पण कर्ता माणूस गेलेला असेल, तर त्या पॉलिसीतून कर्ज फिटायला पाहिजे. मी अशी एक फाइल बघितली आहे: नवरा जाऊन वर्ष झालेलं, बाई पोळ्या लाटून हप्ते भरत होती आणि मंजुरीपत्राच्या मागच्या पानावर पॉलिसीचा नंबर छापलेला होता. तिला कुणी ते पान उलटून दाखवलंच नव्हतं.

बरं, आता तुझ्या हातातल्या पाकिटाकडं. वर ‘कलम 13(2) अन्वये मागणी नोटीस’ असं असेल तर समज की नव्वद दिवस सरले आणि सरफेसी कायदा सुरू झाला. 2002 चा कायदा आहे तो. कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला त्यानं दिला. आपली सहकारी बँक आहे, डायरेक्टर ओळखीचे आहेत, इथं नाही लागणार, अशी समजूत आपल्याकडं फार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी मे 2020 मध्ये सांगून टाकलं की सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. पतसंस्थेचं कर्ज असेल तर त्यांची वाट वेगळी: सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला घेतात आणि मग जप्ती. तिथंही पाकीटच येतं.

13(2) च्या या नोटिशीत साठ दिवस दिलेले असतात. आकडा बघून घाबरायला होतं, कारण थकलेले दीड लाख असले तरी त्यात सगळं कर्ज मागितलेलं असतं, अठरा-वीस लाख. तू तो आकडा बघू नकोस, खालची तारीख बघ. या साठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचा हक्क तुला आहे, आणि बँकेनं त्याला पंधरा दिवसांत कारणांसकट उत्तर द्यायलाच पाहिजे. वकील नसला तरी चालतं. साध्या मराठीत लिही: रकमेत कुठं चूक दिसते, अडचण काय आली, किती भरू शकतो, कधीपासून. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का मारून घे. शिक्का मारायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टानं पाठव. हे पत्र पुढं कर्ज वसुली न्यायाधिकरणापुढं ठेवता येतं. तोंडी मिनतवारी ठेवता येत नाही. सगळं देणं मूळ रक्कम आणि व्याज यांच्या वीस टक्क्यांहून कमी उरलं असेल, म्हणजे कर्ज जवळजवळ फिटत आलं असेल, तर हा कायदा लावताच येत नाही. शेतजमिनीलाही लावता येत नाही. हे तुझ्या बाबतीत बसतंय का तेवढं तपासून घे.

साठ दिवस गप्प बसलीस तर दाराला कागद चिकटतो. ‘ताबा सूचना’. दोन पेपरांत छापून येते, त्यातला एक मराठी. बारीक टायपात, नाव, फ्लॅट नंबर, चतुःसीमा, रक्कम. शेजारीपाजारी वाचतात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतो. याला सांकेतिक ताबा म्हणतात. तू घरातच असतेस, पण घर विकायचा अधिकार कागदावर बँकेकडं गेलेला असतो. खरा ताबा घ्यायला बँक जिल्हाधिकाऱ्यांकडं जाते, मुंबईत असशील तर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. तिथला हुकूम निघाला की पोलीस बंदोबस्तात माणसं येतात आणि पंचनामा होतो: लोखंडी कपाट एक, शिलाई मशीन एक, देव्हारा एक. सामान नंतर परत नेता येतं, पण अर्ज करून, बँकेच्या सवडीनं. म्हणून तारीख कळली की मुलांचे दाखले, रेशनकार्ड, आधार, औषधं, दागिने आधीच बहिणीकडं ठेव. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो दिवस बघायला लावू नकोस, त्यांना आधीच गावी पाठव.

सांकेतिक ताब्याविरुद्ध दाद मागायची तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात, डीआरटीत, पंचेचाळीस दिवसांच्या आत. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरला आहे. इथं एक सांभाळ. गल्लीतला कुणी ओळखीचा वकील सांगेल, “ताई, दिवाणी कोर्टात स्टे आणतो, पन्नास हजार द्या.” या प्रकरणात दिवाणी कोर्टाला हातच घालता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. पन्नास हजारही जातात आणि ते पंचेचाळीस दिवसही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. 15100 वर फोन केला तरी सांगतात. नवरा तिथं गेला तर त्याला उत्पन्नाची अट. तू गेलीस तर नाही. म्हणून तूच जा. लोकअदालतीत प्रकरण घ्या म्हणून तिथंच अर्ज दे, तिथं बँका तडजोडीला बऱ्यापैकी तयार असतात.

डीआरटीत जादू होत नाही, हेही ऐकून घे. नोटीस पोचली नाही, रक्कम चुकली, उत्तराला उत्तर दिलं नाही, अशी काही चूक बँकेनं केलेली असेल तर उपयोग. नुसती ‘अडचण आहे’ एवढ्यावर फार तर थोडी मुदत मिळते, आणि तीसुद्धा बहुधा काही रक्कम भरा या अटीवर.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. हप्ता परत सुरू होण्याची आशा खरंच नसेल, तर घर तू वीक. बँकेला विकू देऊ नकोस. ऐकताना छातीत धस्स होतं, मला कळतं. पण बँकेचा लिलाव म्हणजे ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर, घेणाऱ्यानं पंचवीस टक्के लगेच आणि बाकी पंधरा दिवसांत भरायचे. इतकी रोकड हाताशी असलेला माणूस स्वस्तात मिळतंय म्हणूनच येतो. आत राहणारी माणसं, सोसायटीची थकबाकी, कुणाचा तरी दावा, या सगळ्याचा भाव तो कमी करून मागतो. वर बँकेचा वकील, जाहिरात, मूल्यांकन यांचा खर्च तुझ्याच खात्यावर. कर्ज फिटून काही उरलं तर ते तुला परत मिळालंच पाहिजे, कायद्यानं मिळतं. पण कमी पडलं तर तेवढ्यासाठी बँक तुमच्या मागं येतच राहते. घरही गेलं आणि देणंही राहिलं, असं.

तू स्वतः विकलंस तर बाजारभाव मिळतो. तारण असलेलं घर विकता येत नाही असं लोकांना वाटतं, येतं. बँकेकडून आजच्या तारखेचं कर्जफेडीचं पत्र आणि कागदपत्रांची यादी घे. खरेदीदार कर्ज काढूनच घेणार असतो, त्याची बँक तुझ्या बँकेला थेट पैसे भरते, कागद सोडवून घेते आणि वरची रक्कम तुला मिळते. रोज होतात असे व्यवहार. सोसायटीचा ना हरकत दाखला, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती तयार ठेव. एजंटला ‘अर्जंट आहे’ सांगू नकोस, तिथंच दोन लाख पडतात. मात्र घाई तुझ्या मनात असू दे, कारण एक दार वेळेवर बंद होतं: लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच सगळी रक्कम भरून घर सोडवायचा हक्क असतो. पूर्वी तो विक्री होईपर्यंत असायचा. 2016 मध्ये कायदा बदलला, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की जाहिरात आली की संपलं. लोक अजून जुन्याच समजुतीवर बसतात आणि लिलावाच्या आदल्या दिवशी सासऱ्यांची एफडी मोडून धावत येतात.

एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव बँक देईल, ओटीएस. थोडं कमी भरून मोकळं व्हायचं. चांगला असू शकतो, पण लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय रुपयाही भरू नकोस. आणि लक्षात ठेव, सिबिलवर तेव्हा ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नाही. पुढं कित्येक वर्षं कुणी कर्ज देताना ते बघतं. पूर्ण फेडणं शक्य असेल तर फेड. नसेल तर ओटीएस घ्यायला लाजायचं कारण नाही; मोठमोठे घेतात.

वसुलीवाले येतात, त्यांची भीती वाटते ना? सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शेजाऱ्यांत अपमान होईल असं काही करायचं नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागायचं, दारातच. शिवीगाळ केली तर फोन रेकॉर्ड कर, तारीख-वेळ लिहून ठेव, आधी बँकेला लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. फी नाही, 14448 वर माहिती मिळते. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडं तक्रारीची सोय बघ. लोकपाल कर्ज माफ करत नाही बरं का, वागणुकीचा आणि नियमांचा न्याय करतो. आणि हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ‘पोलीस उचलून नेतील’ म्हणणारा माणूस खोटं बोलतो. मात्र दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तर त्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते, तेव्हा कोर्टाचं समन्स आलं तर तेही फ्रिजवर नको.

खरी भीती दुसऱ्यांची बाळग. पेपरातली लिलावाची यादी वाचून हे लोक फोन करतात: “घर वाचवून देतो, फक्त इथं सही करा.” कोऱ्या चेकवर, कुलमुखत्यारपत्रावर, ‘तात्पुरत्या’ खरेदीखतावर सही मागतात. करू नकोस, तो नवऱ्याचा मित्र असला तरी. आणि गल्लीतल्या सावकाराकडं जायची वेळ आली तर परवाना विचार. 2014 च्या सावकारी कायद्यानं तो लागतोच, आणि तो आहे की नाही हे तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरीत कळतं. मोबाइलवरच्या झटपट कर्जाचं तर नावच काढू नकोस.

नवऱ्याशी बोलायचं कसं, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एवढंच सांगेन की जेवताना नको आणि मुलांसमोर नको. छापील उतारा मध्ये ठेव आणि ‘तुम्ही का सांगितलं नाही’ यानं सुरुवात करू नकोस. ‘सोमवारी दोघं शाखेत जाऊ’ यानं कर. तो चिडेल कदाचित. एकटा जाऊन आलोय, काही होत नाही, असं म्हणेल. तरी जा. दोघं समोर बसली की अधिकारी दुसऱ्या सुरात बोलतो, हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय.

आणि घर राहो वा विकावं लागो, ज्या दिवशी शेवटचा पैसा भरला जाईल त्या दिवशी पेढे आणण्याआधी कागद मागा. मूळ खरेदीखत, पहिला करार, शेअर सर्टिफिकेट. बँकेनं ते तीस दिवसांत द्यायचे असतात, नाही दिले तर त्यांच्या चुकीनं झालेल्या उशिराबद्दल दर दिवसाला पाच हजार रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बोजा उतरला का, ते सोसायटीच्या नोंदीत आणि तारणांच्या केंद्रीय नोंदणीत बघ. काही महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात तुझ्या नावापुढंही कर्ज बंद दिसतंय ना ते बघ, फक्त नवऱ्याच्या नाही.